पियानोवरचं नाव : सोनेरी अक्षरं पुन्हा लिहिताना

आजचा भाग वाद्याबद्दल आहे, पण संगीताबद्दल नाही. आज आपण अक्षरांबद्दल बोलणार आहोत.

पियानोच्या पट्ट्यांवर एक झाकण असतं. ते उघडलं की वाजवणाऱ्याच्या बरोबर डोळ्यांसमोर सोनेरी अक्षरांत एक नाव येतं. कुठे दोन शब्द असतात, कुठे पत्त्यासकट दोन-तीन ओळी, तर कुठे बाजूला फुलं, वेलबुट्टी किंवा राजमुकुट. शंभर वर्षं हात लागून, फडकी फिरून ही अक्षरं झिजतात. मग कुणीतरी ती पुन्हा लिहायला घेतो.

आता माझा प्रश्न ऐका. पुसट झालेलं नाव पुन्हा लिहिणं ही दुरुस्ती. तेच नाव, त्याच सोन्यानं, तशाच अक्षरांत दुसऱ्या पियानोवर लिहिलं तर ती बनवेगिरी. दोन्हींचं सामान तेच, हात तोच, कौशल्यही तेच. मग फरक नेमका कुठे आहे? साडेचारशे वर्षं वाद्य बनवणारे, विकणारे आणि दुरुस्त करणारे लोक या प्रश्नाभोवती फिरतायत. मी पेशानं सॉफ्टवेअरवाला. आमच्याकडे फाइल कुणी बनवली, कधी बदलली याची नोंद आपोआप होते. लाकडाच्या वस्तूवर ती नोंद कशी राहते, या कुतूहलापोटी मी या विषयात शिरलो.

चित्रकारांच्या संघात वाद्यवाले

गोष्ट पियानोच्या आधीपासून सुरू होते. सोळाव्या शतकातलं अँटवर्प, म्हणजे आजच्या बेल्जियममधलं श्रीमंत बंदर. तिथे हार्पसिकॉर्ड बनायचे. हार्पसिकॉर्ड दिसायला पियानोच्या आजोबासारखा, पण त्यात तारेवर हातोडी पडत नाही, तार छेडली जाते.

त्या काळात शहरात कुठलाही धंदा करायचा तर कारागिरांच्या संघाचं सभासद व्हावं लागे. अँटवर्पमध्ये वाद्य बनवणाऱ्यांचा वेगळा संघच नव्हता. ते शिरायचे चित्रकारांच्या सेंट ल्यूक संघात, कारण वाद्यावर चित्रं असायची. १५५७ मध्ये दहा कारागिरांनी अर्ज केला, की आम्हाला चित्रकार म्हणून नको, वाद्य बनवणारे म्हणून प्रवेश द्या. तो मान्य झाला. त्याबरोबर अट आली, की प्रत्येक उस्तादानं आपल्या वाद्यावर स्वतःची खूण टाकायची. ‘हे मी बनवलं, याची जबाबदारी माझी’ असं जाहीर करणारी खूण.

याच शहरात हान्स रुकर्स १५७९ मध्ये संघाचा सभासद झाला. पुढे त्याच्या घराण्यानं बनवलेले हार्पसिकॉर्ड युरोपभर नावाजले गेले. तारांखालच्या लाकडी फळीला साउंडबोर्ड म्हणतात, आवाज तिच्यामुळे घुमतो. रुकर्सांच्या वाद्यांत त्या फळीवर फुलं, फळं, पक्षी, किडे आणि कडेनं निळी वेलबुट्टी रंगवलेली असायची. फळीत एक गोल भोक, आणि त्यात सोन्याचा मुलामा दिलेली धातूची जाळीदार चकती. चकतीवर वीणेसारखं वाद्य वाजवणारा देवदूत आणि शेजारी उस्तादाची आद्याक्षरं. आतल्या बाजूंना लाकडी ठशांनी छापलेला नक्षीचा कागद चिकटवलेला, आणि झाकणावर ठसठशीत लॅटिन अक्षरांत सुविचार. संगीत म्हणजे आनंदाची सोबत आणि दुःखावरचं औषध, अशा अर्थाचे.

थोडक्यात, वाद्याची सजावट म्हणजे त्याचं ओळखपत्र होतं.

सोन्यापेक्षा नाव महाग

ओळखपत्राला किंमत आली की त्याच्या नकला निघतात. अठराव्या शतकातल्या पॅरिसमध्ये रुकर्स हे नाव इतकं महाग झालं, की शंभर-दीडशे वर्षं जुनी रुकर्स वाद्यं आणून, ती रुंद करून, जास्तीच्या पट्ट्या बसवून विकली जाऊ लागली. फळी मोठी केली की जोडलेल्या भागावर फुलं नसायची. मग तिथे नवी फुलं, जुन्या हाताची नक्कल करत रंगवली जायची.

इथपर्यंत ठीक. मूळ वाद्याचा काहीतरी अंश तरी त्यात होता. पण काही कारागीर पुढे गेले. त्यांनी स्वतः नवीन वाद्य बनवलं आणि त्यावर रुकर्सचं नाव घातलं. पॅरिसचा झाँ-क्लोद गुझाँ हा उत्तम कारागीर. त्यानं बनवलेला एक हार्पसिकॉर्ड रुकर्सचा म्हणून खपवला गेला. आज तो पॅरिसच्या संगीत संग्रहालयात गुझाँच्याच नावानं आहे.

मला यात खटकतं ते वेगळंच. गुझाँ काही कच्चा कारागीर नव्हता. आपल्या उत्तम कामावर त्यानं दुसऱ्याचं नाव लिहिलं, कारण बाजाराला काम ऐकू येत नव्हतं, नाव दिसत होतं.

नाव म्हणजे तारीख

१७०० च्या आसपास फ्लॉरेन्समध्ये बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीनं हातोडीवर चालणारं वाद्य बनवलं. तोच पियानो. त्याचे तीन पियानो आज शिल्लक आहेत. त्यांतला सर्वात जुना १७२० चा, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात. त्यावरच्या लॅटिन ओळीत तो स्वतःचं नाव, गाव आणि साल देतो, आणि नावापुढे एक शब्द जोडतो : ‘इन्व्हेंटर’, म्हणजे हे शोधून काढणारा. वाद्यावरची एक ओळ इतिहासातला दावा कसा होऊ शकते, ते इथे दिसतं.

पुढे पियानो लंडनला गेला. १७६६ पासून योहानेस झुंपे हा जर्मन कारागीर तिथे छोटे चौकोनी पियानो बनवू लागला. टेबलासारखे, घरात मावणारे. पट्ट्यांच्या मागे उभी असणारी पातळ फळी म्हणजे नावाची पाटी. त्यावर सुरुवातीला हातानं, शाईनं नाव लिहायचे. नंतर फिकट लाकडाच्या पाटीवर रंगवलेल्या फुलांच्या माळा आल्या, पितळी अक्षरं आली, सोनेरी अक्षरं आली.

ही पाटी इतिहासकारांसाठी खजिना आहे. नुसतं ‘योहानेस झुंपे’ असेल तर एक काळ. ‘झुंपे आणि बुंटेबार्ट’ असेल तर भागीदारीची वर्षं, साधारण १७६९ ते १७७८. ब्रॉडवुडचंही तसंच. जॉन ब्रॉडवुडचा मोठा मुलगा १७९५ मध्ये धंद्यात भागीदार झाला, तेव्हा पाटीवर आलं ‘जॉन ब्रॉडवुड अँड सन’. १८०८ च्या सुमारास दुसरा मुलगा आला आणि ‘सन’चं ‘सन्स’ झालं. इंग्रजीतलं एक अक्षर वाढलं! पण त्या एका अक्षरावरून पियानो कुठल्या वर्षांतला ते सांगता येतं. पुढे राजघराण्याचे पुरवठादार म्हणून पदव्या जोडल्या गेल्या. त्या कुठल्या राजाच्या, यावरूनही वय कळतं.

आमच्या भाषेत सांगायचं तर हा व्हर्जन नंबर आहे. आता कल्पना करा, कुणी हौशी पॉलिशवाला ही पाटी घासून काढतो आणि ‘साधारण असंच होतं’ म्हणत नवी ओळ लिहितो. एक ‘एस’ जास्त पडला की पियानोचा जन्मदाखला तेरा वर्षांनी बदलला.

ब्रॉडवुडचंच आणखी एक उदाहरण. थॉमस ब्रॉडवुडनं १८१७ च्या अखेरीस लंडनहून बेथोव्हेनला एक पियानो भेट पाठवला. तो १८१८ मध्ये व्हिएन्नाला पोचला. त्यावर लॅटिनमध्ये लिहिलंय की हे वाद्य थॉमस ब्रॉडवुडनं बेथोव्हेनच्या प्रतिभेला दिलेली भेट आहे. शिवाय काल्कब्रेनर, रीस, क्रामर अशा त्या वेळच्या नामवंत वादकांच्या सह्या आहेत. बेथोव्हेननंतर तो फ्रान्झ लिस्टकडे गेला आणि त्याच्याकडून बुडापेस्टच्या हंगेरियन राष्ट्रीय संग्रहालयात. १९९० च्या दशकात त्याची दुरुस्ती झाली. त्या वाद्याच्या तारा बदलता येतात, नमदे बदलता येतात. सह्या बदलता येत नाहीत. कारण तारेचं काम वाजणं आहे, आणि सहीचं काम ‘तो माणूस इथे होता’ हे सांगणं आहे.

कारखाने, पदकं आणि कुणाचंही नाव

एकोणिसाव्या शतकात पियानो कारखान्यात बनू लागले. हातानं नाव लिहायला वेळ कुणाला? मग डिकॅल आलं. लहानपणी च्युइंगमबरोबर टॅटू मिळायचे आठवतंय? कागद ओला करून हातावर दाबायचा, कागद सरकवला की चित्र हातावर. डिकॅलचं तत्त्व तेच. सोनेरी शाईनं अक्षरं कागदावर आधीच छापलेली, ती भिजवून लाकडावर सरकवायची आणि वरून पारदर्शक रोगणाचे हात द्यायचे.

अक्षरं स्वस्त झाल्यावर त्यांची संख्या वाढली. १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात अमेरिकेच्या स्टाइनवे आणि चिकरिंग या दोन्ही कंपन्यांना सुवर्णपदक मिळालं. त्या काळात प्रदर्शनातली पदकं आणि राजेराण्यांच्या पदव्या साउंडबोर्डवर दिमाखात छापल्या जायच्या. बर्लिनच्या बेखश्टाइनच्या पियानोंवरही राजघराण्यांची अशीच लांब यादी असे. आजच्या ॲपवर ‘एडिटर्स चॉइस’ लिहितात, तसंच.

आणि मग आले ‘स्टेन्सिल पियानो’. आपल्याकडे रांगोळीचे छापे असतात ना, भोकं पाडलेला पत्रा? तसाच अक्षरांचा छापा. एक कारखाना बिननावाचे पियानो बनवणार, आणि विकत घेणारा दुकानदार म्हणेल ते नाव झाकणावर छापून देणार. न्यूयॉर्कच्या जोसेफ हेलनं या पद्धतीनं स्वस्त पियानोंचा प्रचंड धंदा उभारला. नाव दुकानाचं असू शकतं, कधी अस्तित्वात नसलेल्या उस्तादाचं, तर कधी मुद्दाम एखाद्या मोठ्या नावाच्या जवळ जाणारं. १९०९ मध्ये अमेरिकेत एका वर्षात साडेतीन लाखांहून जास्त पियानो बनले. त्या गर्दीत झाकणावरच्या नावावर किती विश्वास ठेवायचा, हा तेव्हाच्या गिऱ्हाइकाचा खरा प्रश्न होता.

नावाला राजकारणही चिकटतं. बेखश्टाइन कंपनीनं १९०१ मध्ये लंडनला स्वतःच्या नावाचं संगीत सभागृह उघडलं. पहिल्या महायुद्धात जर्मन नाव नकोसं झालं, मालमत्ता काढून घेऊन विकली गेली, आणि १९१७ मध्ये तेच सभागृह रस्त्याच्या नावावरून विगमोर हॉल म्हणून पुन्हा उघडलं. भिंती त्याच, आवाज तोच, पाटी वेगळी.

आपला संबंध इथे येतो. ब्रिटिश काळात मुंबईला बोटीनं पियानो यायचे. त्यांतल्या कित्येकांच्या झाकणावर बनवणाऱ्याच्या नावाखाली, किंवा त्याच्याऐवजी, इथल्या दुकानदाराचं नाव असे. आज एखाद्या जुन्या पियानोवर अशी ओळ दिसली, तर ती मुंबईच्या व्यापाराची नोंद आहे. दुर्दैवानं दुरुस्तीत पहिल्यांदा तीच ओळ उडवली जाते, कारण दुकानदाराचं नाव कुणाला ‘भारी’ वाटत नाही.

चित्र मोठं की वाद्य?

अक्षरांबरोबर चित्रांचंही बघू. इंग्लिश चित्रकार एडवर्ड बर्न-जोन्सनं १८६० च्या सुमारास आपल्या लग्नात भेट मिळालेला छोटा उभा पियानो स्वतः रंगवला. तो आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयात आहे. लॉरेन्स आल्मा-तादेमानं न्यूयॉर्कच्या एका धनिकासाठी स्टाइनवेचा एक पियानो सजवला. १८८७ च्या सुमारास तो पूर्ण झाला. त्याच्या पट्ट्यांवरच्या झाकणावर एडवर्ड पॉइंटरनं चित्र काढलं. १९९७ मध्ये लिलावात तो साधारण १२ लाख डॉलरना गेला आणि आता अमेरिकेतल्या क्लार्क आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे. स्टाइनवेचा एक लाखावा पियानो १९०३ मध्ये व्हाइट हाउसला दिला गेला. सोन्यानं मढवलेला, झाकणावर टॉमस ड्यूइंगचं चित्र. तो पुढे स्मिथसोनियनकडे गेला.

अशा पियानोची दुरुस्ती करताना दोन वेगळी माणसं लागतात. एक वाद्याचा माणूस, जो म्हणतो : वाजलं पाहिजे. दुसरा चित्रांचा माणूस, जो म्हणतो : हात लावू नका. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात, आणि म्हणून काम अवघड होतं.

प्रत्यक्षात करतात कसं?

पहिलं काम पुसायचं नसतं, बघायचं असतं. आधी फोटो, शेजारी मोजपट्टी ठेवून. मग तिरका प्रकाश. मोबाइलचा टॉर्च फळीला जवळजवळ समांतर धरला, की उडालेल्या अक्षरांच्या जागी पुसट कडा दिसतात. सोन्यानं त्याखालचं रोगण इतकी वर्षं उजेडापासून आणि हातांपासून वाचवलेलं असतं, म्हणून तेवढी जागा वेगळी राहते. सोनं गेलं तरी त्याची सावली राहते म्हणा ना.

संग्रहालयात याच्यापुढे जातात. अतिनील प्रकाशात जुनी लाख नारिंगी चमकते, आणि नंतर कुणी वेगळं रोगण लावलं असेल तर तो भाग वेगळा दिसतो. काजळीच्या शाईनं लिहिलेली पुसट ओळ इन्फ्रारेड कॅमेऱ्यात पुन्हा वाचता येऊ शकते.

मग पारदर्शक कागदावर अक्षरं गिरवायची. जागेची मापंही घ्यायची : कडेपासून किती, मध्यावर कुठलं अक्षर. आता बरेच जण स्कॅन करून संगणकावर अक्षरांच्या कडा आखतात. इथे इंटरनेटवरून ‘जवळपास तसाच’ फॉन्ट घ्यायचा मोह होतो. पण जुन्या अक्षरांत एकाच ओळीतले दोन ‘आर’ सारखे नसतात, कारण कुणीतरी ते हातानं कोरलेले किंवा काढलेले असतात. फॉन्ट ते दोन्ही सारखे करून टाकतो.

मग सोनं. मिठाईवरचा चांदीचा वर्ख तुम्ही पाहिलाय, तसाच सोन्याचा वर्ख. जाडी मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास, म्हणजे आपल्या केसापेक्षा शेकडो पटींनी पातळ. बोटानं उचलला तर बोटालाच चिकटून जातो. म्हणून खारीच्या केसांचा चपटा कुंचला गालावर हलकेच फिरवायचा, त्वचेचं किंचित तेल त्याला लागतं, आणि त्यानं वर्ख उचलायचा. त्याआधी अक्षरांच्या आकारात तेलकट, चिकट रोगण लावून ठेवलेलं असतं. ते फार ओलं असेल तर सोनं बुडून निस्तेज होतं, फार सुकलं तर चिकटत नाही. बोट टेकवल्यावर नुसती पकड जाणवली पाहिजे, ती वेळ साधणं हेच कौशल्य.

स्वस्त पर्याय म्हणजे सोनेरी पावडर. ती प्रत्यक्षात तांबं आणि जस्ताची असते, नवी असताना झकास दिसते, पण हवा लागून काही वर्षांत तपकिरी पडते. जुन्या पियानोवर झळझळीत आणि काळवंडलेलं सोनं शेजारी शेजारी दिसलं, तर मध्येच कुणीतरी हात मारलाय हे ओळखा.

आणि सगळ्यात मोठा धोका स्पिरिटचा. जुनं फ्रेंच पॉलिश म्हणजे लाख, आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. अक्षरांवरची लाख निघाली की अक्षरंही फडक्यावर येतात. शंभर वर्षं टिकलेलं नाव दहा सेकंदांत साफ.

पुण्यातला एक पियानो

माझ्या ओळखीचे एक काका पुण्यात जुनी वाद्यं दुरुस्त करतात. गेल्या वर्षी त्यांच्याकडे एका कुटुंबाचा उभा पियानो आला. इंग्लिश, फारसा प्रसिद्ध नाही. झाकणावर वर बनवणाऱ्याचं नाव, खाली मुंबईच्या दुकानाची ओळ, आणि दोन्हींतली मिळून सात अक्षरं उडालेली. काकांनी मला संगणकावर अक्षरं आखायला बोलावलं.

पियानो विकायचा होता. मध्ये एक दलाल होता. त्यानं माझ्यासमोर काकांना सुचवलं, “नाहीतरी नाव नव्यानं लिहिणारच आहात, तर एखादं जर्मन नाव घाला ना. डिकॅल ऑनलाइन मिळतं. भाव दुप्पट होईल.”

काका म्हणाले, “मी नाव दुरुस्त करतो. बारसं करत नाही.”

मग ते माझ्याकडे वळले. “अरे, तू फक्त ती सात अक्षरं काढ. बाकीची पुसट आहेत ती तशीच राहू देत. उद्या कुणाला कळायला पाहिजे, आपण कुठे हात लावला ते.”

तेव्हा मला ते जरा विचित्र वाटलं. अर्धं नाव उजळ, अर्धं पुसट, दिसेल कसं? प्रत्यक्षात त्यांनी नव्या वर्खाची चमक थोडी मारली. समोर बसल्यावर ओळ सलग दिसते, आणि जवळ वाकून पाहिलं की सात अक्षरं वेगळी ओळखू येतात. झाकणाच्या मागच्या बाजूला त्यांनी पेन्सिलीनं तारीख घातली आणि कुठली अक्षरं नवी ते लिहिलं. दलालानं नंतर पाठ फिरवली. पियानो त्या घरातच राहिला.

नंतर वाचताना लक्षात आलं, की काका जे हातानं करत होते, त्यावर युरोपात अख्खं शास्त्र उभं आहे. रोमच्या केंद्रीय संवर्धन संस्थेत चेझारे ब्रांदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर एक पद्धत रुजवली. चित्राचा उडालेला भाग बारीक उभ्या रेघांनी भरायचा. लांबून चित्र पूर्ण दिसतं, जवळून रेघा दिसतात. १९६४ च्या व्हेनिस सनदेत हेच तत्त्व इमारतींसाठी लिहिलं गेलं : गहाळ भाग भरताना तो बाकीच्याशी जुळला पाहिजे, पण मुळापासून वेगळा ओळखता आला पाहिजे. काकांनी ती सनद वाचलेली नाही. पण दोन्हींमागे विचार एकच आहे, की नंतर येणाऱ्या माणसाला फसवायचं नाही.

याचा अर्थ झिजलेलं सगळं तसंच ठेवावं असा नाही. रोज वाजणारा पियानो, पूर्ण पॉलिश काढलेलं, साउंडबोर्ड नवा बसवलेला, अशा वेळी नवं डिकॅल लावणं योग्यच आहे. तो वापरातला पियानो आहे, संग्रहालयातला नाही. पण नाव त्याच कारखान्याचं हवं, अक्षरं त्याच काळातली हवीत, दुकानदाराची ओळही परत यायला हवी, आणि काय नवं केलं ते कुठेतरी लिहिलेलं हवं.

म्हणजे सुरुवातीच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं : दुरुस्ती आणि बनवेगिरी यांतला फरक सोन्यात नाही, हातातही नाही. फरक नोंदीत आहे. गुझाँच्या हार्पसिकॉर्डमध्ये कौशल्य कमी नव्हतं, खरी नोंद कमी होती.

घरी बघा

आपल्यापैकी फार थोड्यांच्या घरी पियानो असेल. पण आजीचं शिलाई मशीन असेल. काळ्या अंगावर सोनेरी वेलबुट्टी आणि कंपनीचं नाव, तीही डिकॅलच. किंवा जुनी बाजाची पेटी, जिच्यावर बनवणाऱ्याचं नाव आणि गाव लिहिलंय. दिवाळीच्या साफसफाईत ती स्पिरिटनं किंवा थिनरनं पुसू नका. मऊ, कोरडं फडकं पुरे. आणि पुसायच्या आधी, टॉर्च तिरका धरून एक फोटो काढा. शेजारी पट्टी ठेवा. फोटोला वस्तूचं नाव आणि तारीख द्या, आणि घरातल्या मोठ्यांना विचारा, ही कुठून आली, कुणी घेतली. ते उत्तरही त्याच फोटोखाली लिहून ठेवा.

तुमच्याकडे अशी एखादी पाटी, पेटी किंवा मशीन निघालं, तर फोटो पाठवा. पुढच्या भागात त्यांतली काही अक्षरं आपण मिळून वाचू. तोवर ऐकत राहा.